एकही रकाना कोरा सोडू नये

माणसाची ओळख ही त्याची अत्यंत खाजगी मालमत्ता असते, आणि म्हणूनच ती ठरावीक नमुन्यात भरून, तीन प्रती काढून, जबाबदार व्यक्तीकडून साक्षांकित करून, ज्याचं तोंडही आपण पाहिलेलं नाही अशा इसमाकडे पाठवून देणं सगळ्यात सुरक्षित असतं. स्वतःजवळ ठेवली तर हरवायची भीती.

हे तत्त्व पुरतं उमगलेला एकच वर्ग मला माहीत आहे, तो म्हणजे शिक्षक. बाकीचे लोक माहिती लपवतात, फिरवून सांगतात, किंवा ‘विचारून सांगतो’ म्हणून टाळतात. शिक्षक मात्र विचारलं की सांगतात, आणि सांगून झाल्यावर ‘समजलं ना?’ असंही विचारतात. परदेशी नोकऱ्यांच्या जाहिराती करणाऱ्यांचा आपल्या शिक्षकांवर एवढा जीव का, याचं उत्तर इथेच आहे.

माझ्या नवऱ्याची मोठी बहीण, म्हणजे आमच्या ताई, एकोणीस वर्षं आठवीला विज्ञान शिकवतात. लग्न केलं नाही. का, असं कोणी विचारलंच तर म्हणतात, ‘वह्या तपासायच्या राहिल्या होत्या.’ आमच्याच घरात मागच्या खोलीत राहतात, आणि माझी सव्वादोन वर्षांची मुलगी दुपारी झोपायची असली की तिला त्यांच्याच खांद्यावर झोपायचं असतं, कारण त्या पाठीवर थोपटताना आवर्तसारणी म्हणतात. हायड्रोजनपासून सुरुवात करतात. पोरगी सोडियमपर्यंत टिकत नाही.

ताईंच्या शाळेत एक सूक्ष्मदर्शक आहे. वर्गात मुलं चौसष्ट. सूक्ष्मदर्शक कपाटात, कपाटाची किल्ली लिपिकाकडे, आणि लिपिक रजेवर. वर्षातून एकदा हे सगळं जुळून आलं की मुलांची रांग लागते. तास संपेपर्यंत एकवीस जणांना पेशी दिसते. उरलेल्यांनी तिची आकृती काढायची, नावं द्यायची आणि दिसली असं समजायचं.

ताईंची एवढीच इच्छा होती, की प्रत्येक मुलासमोर स्वतःचा सूक्ष्मदर्शक आहे अशा वर्गावर एकदा, निदान एक वर्ष, शिकवावं. असे वर्ग परदेशात असतात हे त्यांनी फोटोत पाहिलं होतं. तिथे अर्ज करायला वयाची अट एकच: पंचेचाळीस पूर्ण झालेली नसावीत. ताईंना चव्वेचाळीस पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. हातात राहिले दहा महिने.

अशा नेमक्या वेळी शिक्षकखोलीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहिरात आली. (ग्रुपचं नाव ‘गोपनीय’. सभासद एकशे बारा. त्यात तीन निवृत्त, एक वारलेले, आणि एक नंबर कोणाचा आहे हे आजतागायत कळलेलं नाही, पण तो रोज सकाळी न चुकता सुप्रभात म्हणतो.) परदेशातल्या नामांकित शाळांत शिक्षक हवेत. मुलाखतीची गरज नाही. सोबत अर्ज जोडला आहे.

या अर्जाचं कौतुक करावं तेवढं थोडं. अडतीस पानं. प्रश्न एकशे बेचाळीस. त्यांतले तारांकित, म्हणजे सक्तीचे, फक्त नऊ. बाकीचे एकशे तेहेतीस अर्जदाराच्या मर्जीवर सोडले होते. आता जगातल्या कुठल्याही इतर व्यवसायातल्या माणसाने नऊ प्रश्न भरून अर्ज पाठवला असता. परंतु सदर संस्थेला आपला उमेदवार नीट ठाऊक होता. जी व्यक्ती एकोणीस वर्षं दर मार्च महिन्यात चौसष्ट मुलांना ‘एकही प्रश्न सोडू नका, येत नसेल तरी काहीतरी लिहा, कोऱ्या जागेला शून्य मिळतं’ असं घसा बसेपर्यंत सांगते, ती व्यक्ती कोरा रकाना बघूच शकत नाही. ‘सातपैकी कोणतेही पाच सोडवा’ म्हटलं तर हुशार मुलं सातही सोडवतात, आणि शिक्षक होतात.

अर्ज भरायला मी बसले, कारण माझे हात कीबोर्डवर भराभर चालतात. मुलगी दुपारची झोपली होती. ताई शेजारी खुर्ची ओढून बसल्या, मांडीवर कागदपत्रांची पिशवी, कानामागे लाल पेन.

“आईचं माहेरचं नाव,” मी वाचलं. “ताई, याला तारा नाही. सोडला तरी चालेल.”

“सोडला तरी चालेल असं कोण म्हणतं, माहितीये? जे नापास होतात ते. लिही.”

मी लिहिलं. रक्तगट लिहिला. चपलेचं माप लिहिलं. दातांची संख्या (नैसर्गिक आणि बसवलेले वेगवेगळे) आरशासमोर उभं राहून, मोजून लिहिली. अंगावरच्या जन्मखुणा ‘शक्य असल्यास आकृतीसह’ मागितल्या होत्या. ताईंनी पट्टी घेऊन आकृती काढली, नावं दिली आणि खाली प्रमाणही लिहिलं.

प्रश्न क्रमांक एकशे तीन होता: घरी कोणीही नसण्याच्या वेळा (सुट्टीच्या दिवसांसह).

“हे कशाला हवं असेल त्यांना?” मी विचारलं.

“अगं, फोन करायचा असेल. आपण नसताना उगाच वाजत राहायला नको. किती विचार करतात बघ.”

मध्येच प्रश्न क्रमांक सत्त्याऐंशी आला होता. लहानपणी तुम्हाला सर्वांत आवडलेल्या शिक्षकाचं किंवा शिक्षिकेचं पूर्ण नाव. इथे मात्र ताई थांबल्या. पेन कानामागून काढलं, परत लावलं. मग म्हणाल्या, “आमच्या पाचवीच्या बाई. त्यांनी घरून भिंग आणलं होतं, स्वतःच्या वडिलांचं. कांद्याचं साल दाखवलं होतं आम्हाला. रोज डबा खाताना बघायचे मी ते साल, पण त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.” त्यांनी नाव सांगितलं. मी नुसतं आडनाव टाकलं तर रागावल्या. “पूर्ण लिही. बाईंचं नाव अर्धवट नको.”

शेवटच्या दोन प्रश्नांपर्यंत येईतो मुलगी उठली होती आणि माझ्या मांडीवर बसून एका बोटाने स्पेसबार दाबत होती. प्रश्न एकशे एक्केचाळीस: ई-मेलचा पासवर्ड (पुढील पत्रव्यवहार सुलभ व्हावा म्हणून). प्रश्न एकशे बेचाळीस: याच पासवर्डाने आणखी काय काय उघडतं?

इथे आमच्या घरच्या व्यवस्थेबद्दल दोन शब्द सांगणं प्राप्त आहे. आमच्या घरात सगळ्यांचा पासवर्ड एकच आहे: माझ्या मुलीचं नाव आणि पुढे तिचं जन्मसाल. सासूबाईंचा फोन त्यानेच उघडतो, नवऱ्याचा लॅपटॉप त्यानेच, ताईंचं मेल, गॅसची नोंदणी, वाचनालयाचं खातं, सगळं त्यानेच. ती जन्मली त्या आठवड्यात आम्ही सगळ्यांनी एकमेकांना न विचारता पासवर्ड बदलले आणि नंतर ते सारखेच निघाले. सासूबाईंच्या तर डोळ्यांत पाणी आलं होतं. याहून सुरक्षित काय असू शकतं? जे नाव आपण दिवसातून चाळीसदा हाक मारून, जिन्यातून ओरडून आणि बागेत मोठमोठ्याने घेतो, तेच पासवर्ड असेल असा संशय कोणाला येणार?

“पासवर्डही द्यायचा?” मी म्हटलं.

ताईंनी चष्मा वर केला. “एकशे चाळीस सोडवले आणि शेवटचे दोन सोडायचे? वेळ संपली असती तर गोष्ट वेगळी.”

मग प्रतींचं काम. ते आमच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे झालं. हा गृहस्थ म्हणजे आमच्या भागाचा खरा अभिलेखागार. गिऱ्हाइकाने कागद दिला की तो स्कॅन करतो, छापतो आणि स्कॅन केलेलं पुसत नाही. “राहू दे की ताई, पुन्हा लागलं तर?” म्हणतो. त्याच्या संगणकावर ‘न्यू फोल्डर’ नावाचं एक खोकं आहे, मग ‘न्यू फोल्डर दोन’, असे एकोणतीस. पडदा गिऱ्हाइकांच्या बाजूला वळवलेला, म्हणजे आपला कागद आपल्यालाच शोधता येतो. ताईंचा पासपोर्ट शोधताना आम्हाला तीन शेजाऱ्यांचे पासपोर्ट, दोघांचे घटस्फोटाचे कागद आणि आमच्या दातांच्या डॉक्टरांची दहावीची गुणपत्रिका दिसली. (डॉक्टर विज्ञानात काठावर पास होते. ताईंनी त्यानंतर दवाखाना बदलला.)

साक्षांकनासाठी मुख्याध्यापकांकडे गेलो. त्यांनी प्रत्येक पानावर ‘सत्यप्रत’ असा शिक्का मारला, त्यावर सही, सहीवर पुन्हा शिक्का. फोटोवर शिक्का मारताना तो बरोबर नाकावर आला. झेरॉक्सच्या झेरॉक्सवर तो चेहरा असा झाला, की त्याला दोन डोळे आहेत एवढंच कोणीही शपथेवर सांगू शकलं असतं. मुख्याध्यापक मूळ कागद बघत नाहीत. “बाई, तुमच्यावर विश्वास नाही का?” म्हणतात, आणि विश्वासाचा शिक्का मारतात.

अर्ज गेला आणि अकरा मिनिटांत उत्तर आलं. निवड झाली! शिक्षकखोलीतून एकंदर एकशे आठ अर्ज गेले होते (निवृत्तांपैकी दोघांनीही हौसेने भरला), एकशे आठही निवडले गेले. ताईंच्या शाळेने शंभर टक्के निकाल याआधी पाहिला नव्हता. मुख्याध्यापकांनी फळ्यावर रंगीत खडूने अभिनंदन लिहिलं. त्यांचीही निवड झाली होती.

निवडपत्रासोबत संस्थेचं गोपनीयता धोरण आलं होतं, त्रेचाळीस पानांचं. माझ्या नवऱ्याने ते एका रविवारी बसून वाचलं. त्याने मोजल्याप्रमाणे त्यात ‘आदर’ हा शब्द नऊ वेळा, ‘काळजी’ चौदा वेळा, ‘पवित्र’ दोन वेळा आणि ‘जबाबदारी’ एकदा आला होता (पुढचे शब्द ‘राहणार नाही’ असे होते). खाली ‘मी हे वाचलं आहे’ असा चौकोन होता. तिथे खूण करून मगच धोरण उघडत होतं.

त्यानंतर संस्था गप्प झाली. महिना गेला, दोन गेले. फोन लावला तर हा क्रमांक अस्तित्वात नाही असं एक बाई अत्यंत आदराने आणि काळजीने सांगायची.

तिसऱ्या महिन्यात ताईंचा एक जुना विद्यार्थी, जो आता परदेशात एका शाळेत नोकरीला आहे, त्याचा मेल आला. ‘बाई, आमच्या शाळेत विज्ञानाची जागा निघते आहे. अर्ज करा. प्रयोगशाळेचा फोटो पाठवतो.’ फोटोत चोवीस टेबलं होती आणि चोवीस सूक्ष्मदर्शक. ताईंनी तो फोटो मोठा करून सूक्ष्मदर्शक दोनदा मोजले.

त्या शाळेचा अर्ज दीड पानांचा निघाला. नाव, शिक्षण, अनुभव, आणि ‘तुम्हाला का शिकवावंसं वाटतं?’ एवढंच. तळाला ठळक अक्षरांत लिहिलं होतं: निवड होईपर्यंत पासपोर्ट, जन्मतारखेचा दाखला किंवा कुटुंबाची माहिती कृपया पाठवू नये.

ताईंनी कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हतं.

“ही शाळा मला काही खरी वाटत नाही,” त्या म्हणाल्या. “काही विचारतच नाहीत.”

तरी त्यांनी अर्ज केला. मुलाखत व्हिडिओवर झाली. मुलीला घेऊन मी दाराबाहेर जिन्यात बसले होते, म्हणजे आत गडबड नको. दारातून ताईंचा आवाज येत होता. कांद्याच्या सालीबद्दल बोलत होत्या. पलीकडून कोणीतरी मोकळेपणाने हसलं. बाहेर आल्या तेव्हा ताईंचे कान लाल झाले होते, आणि त्यांनी मुलीला उचलून हायड्रोजनपासून थेट कॅल्शियमपर्यंत नाचवलं. जागा मिळाल्यातच जमा होती. आता फक्त कागदपत्रांची पडताळणी.

पडताळणीचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. भाषा नम्र होती. ‘आपल्या नावाच्या, आपल्या जन्मतारखेच्या आणि आपल्याच प्रमाणपत्रांच्या शिक्षिका आमच्या देशात दुसऱ्या एका शाळेत दोन महिन्यांपासून रुजू आहेत. पासपोर्ट हरवल्याची तक्रार देऊन त्यांनी नवीन पासपोर्टही काढला असून आपल्याजवळचा पासपोर्ट त्यामुळे रद्द झालेला आहे. एका व्यक्तीला एका वेळी एकच नेमणूक देता येत असल्याने आपला अर्ज थांबवण्यात येत आहे.’

नवऱ्याने पत्र मोठ्याने वाचलं. सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, “म्हणजे लागली ना शेवटी नोकरी?”

“आई, ती मी नाही!”

“नाव तुझंच आहे ना? मग काय. मी खालच्या मजल्यावर सांगून येते.”

आणि खरोखर सांगून आल्या. संध्याकाळपर्यंत चारजणी अभिनंदन करून गेल्या. ताईंनी दार उघडलं तर म्हणाल्या, “अय्या, आलात वाटतं सुट्टीवर?”

जुन्या विद्यार्थ्याने तिकडे चौकशी केली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे परदेशातल्या आमच्या ताई वेळेवर येतात, मुलांमध्ये लोकप्रिय आहेत, आणि त्यांच्या वर्गात अठरा मुलं व अठरा सूक्ष्मदर्शक आहेत. त्यांची शिकवण्याची पद्धत वेगळी आहे. त्या मुलांना सांगतात, येत नसेल तो प्रश्न सोडून द्या. (हे ऐकून ताई त्या दिवशी जेवल्या नाहीत. पासपोर्ट रद्द झाला त्या दिवशी जेवल्या होत्या.)

आता आपण आपणच आहोत हे सिद्ध करणं आलं. त्यासाठी तिकडच्या कार्यालयाची पद्धत अत्यंत न्याय्य आहे. दोन्ही दावेदारांना दहा खाजगी प्रश्न विचारतात, जे खऱ्या व्यक्तीलाच ठाऊक असू शकतील. आमच्या ताईंनी उत्तरं आठवून दिली. तीन चुकली, एक चपलेचं माप होतं, आणि मधल्या काळात ताईंची एक दाढ पडली होती. परदेशातल्या ताईंना दहापैकी दहा मिळाले. त्यांच्यासमोर उत्तरपत्रिका होती, तीही पट्टीने काढलेल्या आकृतीसह.

“कॉपी केली त्या बाईने,” ताई म्हणाल्या. रडल्या नाहीत. एकोणीस वर्षांत कॉपी करणाऱ्याला त्यांनी कधी सोडलं नव्हतं, पण एवढ्या लांबून पेपर हिसकावायचा कसा, हे त्यांना कळत नव्हतं.

शेवटी पोलिसांच्या सायबर कक्षात गेलो. सगळे गेलो: ताई, नवरा, सासूबाई, मी, कडेवर मुलगी. खोलीत तीन खुर्च्या, प्लास्टिकचं आवरण घातलेला एक संगणक, आणि भिंतीवर मोठा फलक: ‘आपली खाजगी माहिती कोणालाही सांगू नका.’ फलकाखाली टेबल. टेबलावर येणाऱ्यांसाठी उघडी वही; नाव, पत्ता, फोन आणि तक्रारीचं स्वरूप. आपली ओळ भरताना वरच्या सगळ्या वाचाव्याच लागतात. आमच्या वरच्या ओळीतला माणूस लग्न जुळवणाऱ्या संकेतस्थळावर फसला होता. त्याचा फोन नंबर मला अजून पाठ आहे.

हवालदारसाहेब भला माणूस होता. त्याने तक्रारीचा नमुना दिला, सहा पानी. ताईंनी चष्मा लावला, पेन उघडलं. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. आईचं माहेरचं नाव. रक्तगट. ओळखीच्या खुणा. शेवटच्या पानावर, चोरीला गेलेला पासवर्ड.

“साहेब, हे सगळं भरायचंच का?” मी विचारलं.

“तारा असलेलेच सक्तीचे आहेत, मॅडम.”

ताई आधीच तिसऱ्या पानावर होत्या. पुरवणी मागत होत्या.

हवालदार वाट बघत बसला. बसल्या बसल्या त्याचं लक्ष माझ्या कडेवर गेलं, आणि कोणीही करेल तेच त्याने केलं. गाल फुगवून म्हणाला, “नाव काय गं बाळ तुझं?”

माझ्या मुलीला एक खोड आहे, आणि तिच्यामुळे आम्ही चारचौघांत कितीदा ओशाळलो आहोत याला गणती नाही. अनोळखी माणसाने नाव विचारलं की ती सांगत नाही. बोलायला येतं, सगळं येतं. पण नाव नाही सांगत. माझ्या मानेत तोंड खुपसते आणि मूठ घट्ट मिटते. डॉक्टरांना नाही सांगितलं, भाजीवालीला नाही, बालवाडीच्या बाईंना तर नाहीच. त्यांनी त्यांच्या वहीत ‘संवाद कमी’ असं लिहून ठेवलं आहे. गेले सहा महिने घरात तिची तयारी चालू आहे. नाव सांग, बाबांचं नाव सांग, कुठे राहतेस सांग. सांगितलं तर टाळ्या.

तिने माझ्या मानेत तोंड खुपसलं. तिचा श्वास गरम लागत होता. मूठ मिटली.

“अगं, सांग ना पोलीसकाकांना,” सासूबाई म्हणाल्या.

“येतं तिला, साहेब. घरी छान सांगते,” नवरा म्हणाला.

ती मान हलवत होती. नाही, नाही. साहेब वाट बघत होते, मागे रांग थांबली होती, आणि ती शांतता आम्हाला असह्य झाली. मग सासूबाई, नवरा आणि, तक्रारीतून मान वर करून, ताई, अशा तिघांनी एका सुरात, मोठ्याने तिचं नाव सांगितलं.

“वा! केव्हाची आहे?”

साल मी सांगितलं.

अख्खी रांग हसली. हवालदाराने कौतुकाने मान डोलावली. ताई पुन्हा कागदाकडे वळल्या आणि शेवटच्या पानावरच्या रकान्यात, नुकतंच सगळ्यांनी ऐकलेलं, स्वच्छ अक्षरात लिहिलं. कागद हातात घेताना साहेब म्हणाले, “पासवर्ड तेवढा आजच बदला हं सगळ्यांनी.” आम्ही तिथेच, व्हरांड्यातल्या बाकावर, घरगुती बैठक घेतली आणि सर्वानुमते बदलला. आता नावापुढे नुसतं साल नाही. पूर्ण जन्मतारीख आहे. सासूबाईंना थोडं कमी ऐकू येतं, म्हणून नवऱ्याने दोनदा सांगितलं.

तक्रारीला क्रमांक मिळाला आहे. सुनावणीची तारीख चौदा महिन्यांनंतरची आहे. झेरॉक्सवाल्याने मदत केली. ताई ताईच आहेत हे दाखवणारे सगळे कागद ‘न्यू फोल्डर अकरा’मध्ये सुखरूप होते. “मी म्हटलं नव्हतं, पुन्हा लागतील?” म्हणाला.

ताईंना गेल्या मंगळवारी पंचेचाळीस पूर्ण झाली. वयाची अट संपली, तिथली जागा भरली गेली. परदेशातल्या ताईंनाही त्याच दिवशी पंचेचाळीस पूर्ण झाली. त्यांच्या वर्गातल्या अठरा मुलांनी त्यांना हाताने केलेलं कार्ड दिलं, असं विद्यार्थ्याने कळवलं. त्यावर कांद्याच्या पेशीचं चित्र होतं. ते कसं काय, हे मला चटकन कळलं नाही. मग आठवलं, बाईंच्या नावाखाली ताईंनी ती सगळी हकिकतही लिहायला लावली होती. पुरवणी जोडून.

लिपिक त्या दिवशी रजेवरून परतला होता, म्हणून कपाट उघडलं. मी मुलीला घेऊन शाळेत गेले होते. रांग संपल्यावर ताईंनी तिला स्टुलावर उभं केलं, एक डोळा तळहाताने झाकला आणि दुसरा भिंगाला लावला. पोरगी कितीतरी वेळ हललीच नाही.

“काय दिसलं?” ताईंनी विचारलं.

तिने ताईंकडे पाहिलं, हसली, आणि सांगितलं नाही. ताईंनीही पुन्हा विचारलं नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी एखादं उत्तर कोरं राहू दिलं असावं.

बालवाडीत मात्र तिच्या प्रगतीपुस्तकात सुधारणेला वाव आहे असा शेरा आहे, आणि तुमचंही मत तेच असणार, यात मला शंका नाही. कारण तुम्ही उत्तम विद्यार्थी आहात. वर प्रश्न क्रमांक सत्त्याऐंशी वाचलात तेव्हा तुम्हाला कोणी काही विचारलेलं नव्हतं, अर्ज तुमचा नव्हता आणि प्रश्नाला तारा नव्हता. तरीही एक नाव मनात आलंच. बहुतेक पूर्ण आलं. पासवर्डाच्या परिच्छेदाशी तर तुम्ही क्षणभर थांबून स्वतःचाही म्हणून पाहिलात.

शाबास. एकही रकाना कोरा सोडला नाहीत.